मेमरी संपल्यावर पीएचपी कोसळते तेव्हा दोष कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा. पीएचपीची एक स्क्रिप्ट मोठी फाइल वाचते आणि तिच्यातल्या नोंदी सी भाषेत लिहिलेल्या एका एक्स्टेंशनकडून (पीएचपीला जोडलेल्या पूरक मॉड्यूलकडून) पार्स करून, म्हणजे फोडून अर्थ लावून, घेते. फाइल मोठी झाली की आधी ‘अलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड’ हा संदेश येतो आणि लगोलग ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (भलत्या पत्त्याला हात लावल्यामुळे प्रोसेस मारली जाणं). मेमरीची मर्यादा (मेमरी-लिमिट) वाढवली की क्रॅश जातो, फाइल आणखी वाढली की परत येतो. जीडीबी या डीबगरमध्ये बॅकट्रेस (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांची साखळी) काढला तर दर वेळी वेगळंच फंक्शन दिसतं. दोष पीएचपीचा की एक्स्टेंशनचा, आणि तो पकडायचा कसा?

मेमरी संपणं आणि प्रोसेस कोसळणं हे दोन वेगळे दोष आहेत, ते वेगळेच ठेवा. मेमरी संपली तर इंटरप्रिटरने एक ओळ छापून शांतपणे थांबायला हवं. तो कोसळतोय याचा अर्थ, मेमरीचं वाटप फसल्यानंतर ज्या वाटेने कोड बाहेर पडतो त्या वाटेवर कुठेतरी चूक आहे. ही वाट रोजच्या वापरात कधीच चालली जात नाही, म्हणून चूक वर्षानुवर्षं दडून राहते. मेमरी-लिमिट वाढवून तुम्ही ती वाट टाळता, दुरुस्त करत नाही. आणि मोडकळलेल्या मेमरीवर चालणारी प्रोसेस कोसळलीच नाही, तर चुकीचा डेटा लिहून मोकळी होते; ते कोसळण्यापेक्षा वाईट.

(आज्ञा, फंक्शनं आणि व्हेरिएबलं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना त्यांचं मूळ रोमन स्पेलिंगच वापरायचं.)

आधी ठरवा, प्रोसेस मारली कोणी

‘मेमरी संपून क्रॅश झाला’ या एका वाक्याखाली किमान चार वेगळ्या घटना येतात. स्क्रिप्ट संपल्यावर शेलमध्ये एक्झिट कोड बघा. २५५ असेल तर पीएचपीने स्वतःच फेटल एरर देऊन काम थांबवलं, हा क्रॅशच नाही. १३९ म्हणजे १२८ अधिक ११, सेगमेंटेशन फॉल्ट. १३४ म्हणजे सिग्नल ६, कोणीतरी मुद्दाम अबॉर्ट केलं. बहुधा जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) किंवा झेंडच्या (पीएचपीच्या इंजिनच्या) मेमरी मॅनेजरला हीप, म्हणजे मागणीप्रमाणे वाटली जाणारी मेमरी, बिघडलेला दिसला. १३७ म्हणजे सिग्नल ९, बाहेरून मारलं. १३५ म्हणजे बस एरर. मेमरीत बसवलेल्या फाइलमागची जागा संपली की हा येतो, आणि शेअर्ड मेमरीचा टीएमपीएफएस (रॅममधली फाइल-सिस्टिम) भरला असेल तर हमखास.

१३७ आला तर जीडीबी उघडू नका, तिथे काही मिळणार नाही. डीमेसग (कर्नलचा लॉग) बघा. ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ किंवा ‘मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ असेल तर कर्नलच्या ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेने) काम केलं आहे. कंटेनरमध्ये असाल तर सीग्रुपच्या (मर्यादा लावलेल्या प्रोसेस-गटाच्या) मेमरी-इव्हेंट्स फाइलमधला ओओएम-किल हा आकडा वाढलेला दिसेल. लिनक्स मूळ सेटिंगमध्ये मेमरी हातात असते त्याहून जास्त कबूल करतो. त्यामुळे मॅलॉक (सीमधलं मेमरी मागायचं फंक्शन) सहसा नल, म्हणजे रिकामा पत्ता, परत देत नाही. ‘हो’ म्हणून पत्ता देतो, आणि पानं खरोखर वापरायला घेतली की तेव्हा प्रोसेस मारली जाते.

इथे एक गैरसमज फार वेळ खातो. मेमरी-लिमिट फक्त झेंडच्या स्वतःच्या मेमरी मॅनेजरमधून घेतलेल्या मेमरीला लागू होतं. एक्स्टेंशनमागची बाहेरची लायब्ररी थेट मॅलॉक करत असेल तर ते पीएचपीच्या हिशोबात येतच नाही. मेमरी-गेट-पीक-यूसेज ४० एमबी सांगेल आणि प्रॉकमधल्या स्टेटस फाइलची व्हीएम-एचडब्ल्यूएम ओळ (प्रोसेसने प्रत्यक्ष वापरलेल्या मेमरीचा उच्चांक) दीड जीबी सांगेल. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघणं हे पहिल्या पाच मिनिटांतलं काम आहे.

तुमच्या बाबतीत संदेश आधी आणि १३९ नंतर, म्हणजे पीएचपीची मर्यादा लागली आणि मग कोड घसरला. त्यामुळे पुढचं सगळं त्याच वाटेबद्दल.

संदेशातला दुसरा आकडा वाचा

सगळे जण मर्यादेचा आकडा वाचतात आणि ‘ट्राइड टू अलोकेट’ पुढचा सोडून देतात. खरी माहिती त्यात आहे.

तिथे १८४४६७४४०७३७०९५५१६०८ असा अवाढव्य आकडा असेल तर मेमरी संपलेलीच नाही. तो २ चा ६४ वा घात वजा ८ आहे: कोणीतरी आकार म्हणून उणे आठ पाठवले आणि बिनचिन्ह संख्येत त्याचं हे झालं. एक्स्टेंशनमध्ये लांबी वजा करून काढली आहे ती जागा शोधा.

१३४२१७७३६ सारखा, दोनच्या घातापेक्षा जेमतेम ८ ने जास्त आकडा असेल तर ती पॅक्ड अ‍ॅरे (चढत्या क्रमांकांची साधी यादी) दुप्पट होण्याची वेळ आहे. पीएचपी ८.२ पासून अशा अ‍ॅरेत एका घटकाला १६ बाइट लागतात. ८३८८६०८ जागा गुणिले १६ म्हणजे १३४२१७७२८, आणि वरचे ८ बाइट हॅशच्या शीर्षाचे. (त्याआधीच्या आवृत्त्यांत घटकाला ३२ बाइट लागत, म्हणून निम्म्याच घटकांवर हाच आकडा यायचा.) जुनी अ‍ॅरे जागेवर वाढवता आली नाही तर नवी घेऊन मजकूर हलवावा लागतो, आणि तेवढा वेळ ६४ एमबी आणि १२८ एमबी दोन्ही धरून ठेवावे लागतात. तेव्हा ‘माझा डेटा १०० एमबीच आहे, मग २०० एमबीची मर्यादा का पुरत नाही’ याचं उत्तर इथे आहे.

आणि आकडा अगदी छोटा, २० बाइट, ४० बाइट असा असेल, तर त्या ओळीला काही दोष देता येत नाही. मेमरी आधीच कोणीतरी खाल्ली, भांडं भरल्यावर शेवटचा थेंब त्या ओळीने टाकला इतकंच.

मर्यादा लागते तेव्हा आत काय घडतं

हे समजल्याशिवाय पुढचा तपास अंधारात होतो.

झेंडचा मॅनेजर कर्नलकडून २ एमबीचे चंक घेतो. चंकची ४ केबीची पानं करतो. ३०७२ बाइटपर्यंतची मागणी ‘छोटी’. तिच्यासाठी ८ बाइटपासून ३०७२ पर्यंत ३० ठरावीक मापं आहेत आणि प्रत्येक मापाची मोकळ्या ठोकळ्यांची एक यादी. त्याहून मोठी, पण चंकमध्ये मावणारी मागणी सलग पानं घेते. त्यावरची थेट कर्नलकडे जाते.

नवा चंक घेताना मर्यादा ओलांडली जाणार असेल तर मॅनेजर आधी मोकळी पडलेली पानं गोळा करून बघतो. तरी भागलं नाही तर तो ‘ओव्हरफ्लो’ खूण लावून मर्यादा तात्पुरती उठवतो, म्हणजे संदेश छापण्यापुरती मेमरी मिळते, आणि फेटल एरर देतो. त्यानंतर बेलआउट. बेलआउट म्हणजे सीचा लाँगजंप: इमॅलॉकपासून (झेंडच्या मॅलॉकपासून) थेट विनंतीच्या सर्वात बाहेरच्या थरात उडी. मधल्या एकाही सी फंक्शनला आपलं आवरायची संधी मिळत नाही. पीएचपीचे कॅच आणि फायनली चालत नाहीत, कारण हे एक्सेप्शन नव्हे. सेट-एरर-हँडलरने लावलेला हँडलर बोलावला जात नाही. ऑब्जेक्टचे डिस्ट्रक्टर चालत नाहीत. पण तीन गोष्टी चालतात, आणि क्रॅश बहुधा यांतल्याच एकीत होतो: रजिस्टर-शटडाउन-फंक्शनने लावलेली फंक्शनं, प्रत्येक एक्स्टेंशनचं आरशटडाउन (विनंती संपताना आवरायचं फंक्शन), आणि ऑब्जेक्टची मेमरी सोडणारे सीमधले फ्री हँडलर.

तुमचं फ्री हँडलर अशा ऑब्जेक्टवर चालतं, ज्याच्यावरचं काम अर्ध्यात सोडून कोड उडून गेला आहे. इमॅलॉक कधीच नल देत नाही म्हणून ‘तपासायची गरज नाही’ असं एक्स्टेंशन लिहिणाऱ्यांना वाटतं. ते खरं आहे, पण इमॅलॉक परत येईलच असं मात्र नाही. या दोन वाक्यांतल्या फरकात असे बहुतेक क्रॅश बसलेले असतात.

बॅकट्रेस दर वेळी वेगळा का

छोट्या ठोकळ्यांच्या मोकळ्या यादीतला ‘पुढचा ठोकळा कुठे’ हा पत्ता त्या मोकळ्या ठोकळ्याच्याच पहिल्या आठ बाइटमध्ये लिहिलेला असतो. आता समजा फ्री हँडलरने एकच ५६ बाइटचा ठोकळा दोनदा सोडला. यादी स्वतःकडेच परत वळते. पुढच्या दोन मागण्यांना एकच पत्ता मिळतो. एक जण तिथे स्ट्रिंग ठेवतो, दुसरा अ‍ॅरेचं शीर्ष. कोसळतो तो तिसराच, ज्याने त्या अ‍ॅरेला हात लावला. सोडलेल्या ठोकळ्यात कोणी लिहिलं तर यादीतला पत्ताच बिघडतो आणि त्याच मापाची पुढची कुठलीही निरागस मागणी झेंड-एमएम-अलॉक-स्मॉलमध्ये कोसळते.

म्हणून बॅकट्रेसच्या वरच्या ओळीत झेंड-एमएम चं नाव दिसलं तर ‘पीएचपीत बग आहे’ असा निष्कर्ष काढू नका. तो फक्त एवढंच सांगतो की याआधी कोणीतरी त्याच मापाचा ठोकळा बिघडवला. माप मात्र टिपून ठेवा. तुमच्या एक्स्टेंशनमधलं कुठलं स्ट्रक्चर त्या मापात बसतं, हा पहिला खरा धागा.

अपयश हुकमी करा

क्रॅश कधी येतो कधी नाही, अशा अवस्थेत डीबगिंग सुरू करणं म्हणजे वेळेचा नाश. आधी तो हवा तेव्हा यायला हवा.

स्क्रिप्ट कमांड लाइनवर चालवा. -एन पर्याय देऊन सगळ्या आयएनआय फाइली बंद करा आणि फक्त लागणारी एक्स्टेंशनं -डी ने चढवा. ऑपकॅश आणि जेआयटी (वेग वाढवणाऱ्या सोयी) बंद. मेमरी-लिमिटही -डी ने स्पष्ट द्या, कारण -एन विसरलात तर काही लिनक्स वितरणांत कमांड लाइनसाठी ते उणे १, म्हणजे अमर्याद, ठेवलेलं असतं आणि मग वेबवर येणारा क्रॅश इथे येतच नाही.

आता साहजिक वाटतं की मर्यादा थोडी थोडी कमी करत जावं. ते इथे फारसं चालत नाही. मर्यादेची तपासणी चंक घेताना होते, म्हणजे छोट्या मागण्यांच्या बाबतीत २ एमबीच्या पायरीने. १०० एमबी आणि १०० एमबी अधिक ५० केबी या दोन मर्यादांत बहुधा एकाच ओळीवर अपयश येईल. त्याऐवजी मर्यादा तीच ठेवा आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक भराव टाका: स्ट्र-रिपीटने बनवलेली स्ट्रिंग, जी ग्लोबल व्हेरिएबलमध्ये शेवटपर्यंत धरून ठेवायची. तिची लांबी ४ केबीच्या पायरीने ० पासून २ एमबीच्या आतपर्यंत नेली की सुमारे ५१२ धावा होतात, आणि प्रत्येक धावेत चंक संपण्याची जागा कोडमध्ये एकेक पानाने सरकते. शेलच्या साध्या लूपमध्ये हे बसतं. प्रत्येक धावेचा एक्झिट कोड आणि एरर आउटपुट नोंदवा. २५५ या ढिगात मधूनच येणारे १३९ उठून दिसतात, आणि त्यांच्या भरावाची लांबी म्हणजे क्रॅश हमखास देणारी किल्ली.

हीच कल्पना आणखी काटेकोर करता येते: नंबर एकचं वाटप फसवा, मग नंबर दोनचं, मग तीनचं, कार्यक्रम धडपणे पूर्ण होईपर्यंत. एसक्यूलाइट या डेटाबेसची चाचणी वर्षानुवर्षं अशीच होते. ल्युआ वापरत असाल तर काम फार सोपं आहे, कारण ल्युआ-न्यूस्टेटला स्वतःचं वाटप-फंक्शन देता येतं आणि त्यात मोजणी ठेवून हव्या त्या वेळी नल परत देता येतो. पायथनमध्ये चाचणीसाठीच्या अंतर्गत टेस्टसीएपीआय मॉड्यूलमध्ये सेट-नोमेमरी हे फंक्शन त्यासाठीच आहे.

साधनं, आणि त्यांचा सापळा

हाताशी क्रॅश आला की व्हॅलग्राइंड किंवा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी साधनं) लावायचा. पण झेंड मॅनेजर २ एमबीचा चंक एकगठ्ठा घेत असल्यामुळे या साधनांना आतले ठोकळे दिसत नाहीत. म्हणून सगळीकडे सल्ला मिळतो: यूज_झेंड_अलॉक=० हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावा, म्हणजे पीएचपी प्रत्येक ठोकळ्यासाठी सरळ मॅलॉक करेल.

सल्ला बरोबर आहे, फक्त आपल्या बगसाठी नाही. झेंडचा मॅनेजर बंद केला की मेमरी-लिमिटची अंमलबजावणीही बंद होते. मग मेमरी संपल्याचा फेटल एरर येत नाही, बेलआउट होत नाही, आणि क्रॅश नाहीसा होतो. लोक इथे ‘व्हॅलग्राइंडखाली सगळं स्वच्छ’ म्हणून तपास बंद करतात. शिवाय शेवटची आवराआवरही वेगळ्या वाटेने जाते: झेंड मॅनेजर चालू असताना साध्या बिल्डमध्ये जलद शटडाउन होतं, ज्यात खास फ्री हँडलर असलेले ऑब्जेक्टच हाताळले जातात आणि बाकी हीप एकदम टाकून दिला जातो, मॅनेजर बंद असला किंवा डीबग बिल्ड असला तर सगळं एकेक करून सोडलं जातं. एकच स्क्रिप्ट, दोन वेगळे शेवट.

यावर उतारा आहे. नव्या आवृत्त्यांत यूज_झेंड_अलॉक=० सोबत यूज_ट्रॅक्ड_अलॉक=१ लावा. दुसरं व्हेरिएबल एकटं लावून काहीच होत नाही, दोन्ही हवीत. मग प्रत्येक ठोकळा मॅलॉकमधून येतो, म्हणून सॅनिटायझरला दिसतो. आणि मॅनेजर प्रत्येक वाटपाची नोंद ठेवून मर्यादाही तपासतो, म्हणून बेलआउटही होतो. इथे तपासणी प्रत्येक वाटपाला होत असल्यामुळे चंकची पायरी आड येत नाही आणि मर्यादा बारीक पायरीने हलवता येते. वेग बराच घटतो, ते सोसायचं. बेलआउटमध्ये अर्धवट सुटलेले ठोकळेही शेवटी हा मॅनेजर सोडतो, त्यामुळे गळतीच्या खोट्या तक्रारींचा पाऊस पडत नाही.

ही सोय नसलेली जुनी आवृत्ती असेल तर यूलिमिट -व्ही ने पत्त्यांची जागा मर्यादित करण्याचा मोह होतो. तसं केलं तर मॅलॉक फसल्यावर पीएचपी ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून थेट एक्झिट करते; बेलआउटची वाट चालतच नाही. आणि अ‍ॅड्रेस सॅनिटायझरसोबत यूलिमिट -व्ही लावूच नका, कारण तो सावली-मेमरीसाठी सुरुवातीलाच कित्येक टेराबाइट पत्ते राखून ठेवतो आणि प्रोसेस सुरूच होणार नाही. अशा वेळी एक्स्टेंशनमध्येच, संशयित इमॅलॉकच्या जागी, मोजणी ठेवून झेंड-बेलआउट करणारा छोटा मॅक्रो घाला. ओबडधोबड आहे, पण नेमका आहे.

बिल्ड करताना --एनेबल-डीबग, सीफ्लॅग्जमध्ये -ओ० आणि -जी. डीबग बिल्डची अंतर्गत मांडणी वेगळी असल्याने एक्स्टेंशन त्याच बिल्डच्या पीएचपीआइझने (एक्स्टेंशन बांधायच्या साधनाने) पुन्हा बांधावं लागतं. आधी बांधलेली जुनी एसओ फाइल चढणारच नाही. व्हॅलग्राइंड वापरणार असाल तर झेंड_डोन्ट_अनलोड_मॉड्यूल्स=१ लावा, नाहीतर शेवटी मॉड्यूल उतरवले गेल्यावर तुमच्या फंक्शनांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं छापली जातील.

कोअर फाइल वाचताना

प्रॉडक्शनमधून कोअर (कोसळताना घेतलेली प्रोसेसच्या मेमरीची प्रत) हवी असेल तर यूलिमिट -सी अनलिमिटेड, आणि कर्नलचा कोअर-पॅटर्न कुठे निर्देश करतो ते बघा. सिस्टमडी असलेल्या यंत्रावर कोअरडंपसीटीएल जीडीबी ही आज्ञा पुरते. एफपीएमला (वेबच्या विनंत्यांसाठी पीएचपी चालवणाऱ्या सेवेला) वेगळं सांगावं लागतं: आरलिमिट-कोअर अनलिमिटेड, आणि प्रोसेस-डंपेबल यस.

जीडीबीत बॅकट्रेसच्या आधी एक गोष्ट बघा: कुठल्या पत्त्यावर आदळलं. सिग-इन्फो स्ट्रक्चरमधला एसआय-अ‍ॅडर हा आकडा छापा. डीमेसगच्या ‘सेगफॉल्ट अ‍ॅट’ ओळीतही तो असतो, आणि तिथला ‘एरर ४’ म्हणजे नसलेल्या पानावरून वाचायचा प्रयत्न, ‘एरर ६’ म्हणजे लिहायचा. पत्ता हेक्स १८ सारखा छोटा असेल तर नल पॉइंटर, आणि १८ म्हणजे २४ बाइटवरचं फील्ड. स्ट्रक्चरची व्याख्या उघडून २४ बाइटवर काय आहे ते मोजा. पत्त्यात वाचता येणारी अक्षरं दिसली तर कोणीतरी स्ट्रिंगचा मजकूर पॉइंटर म्हणून वापरला. ती अक्षरं तुमच्या इनपुट फाइलमध्ये शोधा, नेमकी कुठली नोंद ते कळतं. पत्ता स्टॅक पॉइंटरच्या अगदी जवळ असेल तर गोष्टच निराळी, तिच्याकडे पुढे येतो.

पीएचपीच्या सोर्ससोबत येणारी जीडीबीआयएनआयटी फाइल सोर्स करून झेडबॅकट्रेस द्या, म्हणजे स्क्रिप्टच्या कुठल्या ओळीवर होतो ते दिसतं. पण बेलआउटनंतरच्या क्रॅशमध्ये स्क्रिप्टचा स्टॅक उरलेलाच नसतो, हेही लक्षात घ्या. म्हणून झेंड-एमएम-सेफ-एरर या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावून एकदा स्क्रिप्ट चालवा. तिथे थांबल्यावर मिळणारा बॅकट्रेस हाच खरा पुरावा: कुठलं काम अर्धवट असताना कोड उडून गेला, ते तो सांगतो. क्रॅशच्या जागेचा बॅकट्रेस दर वेळी बदलेल. भराव तोच असेल तर हा बदलत नाही. दोन्ही शेजारी ठेवा, आणि दोन्हींत कुठलं ऑब्जेक्ट सामाईक आहे ते शोधा.

एवढ्यावर भागलं नाही तर आरआर, म्हणजे धाव रेकॉर्ड करून उलटीही चालवणारा डीबगर. एकदा आरआर रेकॉर्ड करून क्रॅश पकडा, रीप्लेमध्ये बिघडलेल्या पत्त्यावर वॉच -एल लावा आणि रिव्हर्स-कंटिन्यू म्हणा. ज्याने शेवटचं लिहिलं त्या ओळीवर तो उलटा जाऊन थांबतो. त्याला प्रोसेसरचे परफॉर्मन्स काउंटर लागतात, त्यामुळे अनेक व्हर्च्युअल मशीनवर तो चालत नाही. पण चालत असेल तर हीप बिघडण्याच्या बगवर याच्याइतकं नेमकं साधन दुसरं नाही.

चूक बहुधा यांपैकी असते

सर्वात जास्त आढळणारी: मोजणी आधी, वाटप नंतर. ऑब्जेक्टमध्ये नोंदींची संख्या आणि नोंदींचा पॉइंटर आहे. कोड आधी संख्या एकने वाढवतो आणि मग इरिअलॉक करतो, म्हणजे जागा वाढवून मागतो. इरिअलॉकमधून बेलआउट झाला. संख्या १००१, जागा १००० ची. फ्री हँडलर १००१ वी नोंद म्हणून शेजारचा ठोकळा उचलतो आणि त्यातला कचरा इफ्री करतो, म्हणजे पत्ता समजून सोडतो. दुरुस्ती म्हणजे फक्त क्रम: वाटपाचा निकाल तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये घ्या, मग पॉइंटर बदला, नवी जागा भरा, आणि संख्या सगळ्यात शेवटी वाढवा. या क्रमात कुठेही तुटलं तरी ऑब्जेक्ट सुसंगत राहतं.

तिचंच भावंड: जुना बफर इफ्री करून मग नवा इमॅलॉक. मधे बेलआउट झाला की ऑब्जेक्टमध्ये सोडलेल्या ठोकळ्याचा पत्ता राहतो आणि फ्री हँडलर तो दुसऱ्यांदा सोडतो. इफ्रीनंतर लगेच पॉइंटर नल करा, किंवा नवा घेतल्यावरच जुना सोडा.

तिसरी जास्त फसवी, कारण क्रॅश त्या विनंतीत होतच नाही. एक्स्टेंशनच्या ग्लोबलमध्ये किंवा स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये इमॅलॉकचा पत्ता ठेवला आहे आणि काम संपल्यावर तो नल होतो. बेलआउटमुळे ते नल करणं राहून जातं. विनंती संपताना झेंडचा हीप पुसला जातो, एफपीएमची प्रोसेस मात्र जिवंत राहून पुढची विनंती घेते, आणि त्या बिचाऱ्या निर्दोष पानावर कोसळते. लॉगमध्ये क्रॅशच्या वेळी चालू असलेली यूआरएल दर वेळी वेगळी दिसते. ओळखायचा सोपा उपाय: पूलमध्ये पीएम-मॅक्स-रिक्वेस्ट्स १ करून बघा. क्रॅश गेला तर पॉइंटर एका विनंतीतून दुसऱ्या विनंतीत गळतो आहे. आरशटडाउन बेलआउटनंतरही चालतं. तिथे असे सगळे पॉइंटर बिनशर्त नल करा.

चौथी, बाहेरच्या लायब्ररीच्या कॉलबॅकमधून होणारा बेलआउट. पार्सर लायब्ररी तुमचा कॉलबॅक बोलावते, कॉलबॅक पीएचपीची अ‍ॅरे भरतो, तिथे मेमरी संपते, आणि लाँगजंप लायब्ररीच्या फ्रेमांवरून उडी मारतो. लायब्ररीने घेतलेला लॉक तसाच राहतो, तिची अंतर्गत अवस्था अर्धी राहते. मग फ्री हँडलर तिला ‘बंद हो’ म्हणतो तेव्हा ती कोसळते किंवा कायमची अडकून बसते. तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय इथेच आहे. कॉलबॅकचं अंग झेंड-ट्राय मध्ये गुंडाळा. बेलआउट पकडला गेला तर एक खूण लावा आणि लायब्ररीला तिच्या पद्धतीने ‘थांब’ हा एरर कोड परत द्या. लायब्ररी आपलं आवरून परत आली की खूण बघून तुम्हीच झेंड-बेलआउट करा. पकडलेला बेलआउट गिळून पुढे चालू लागायचं मात्र नाही.

लायब्ररीच्या स्वतःच्या मॅलॉकचा निकाल न तपासणं ही पाचवी. ती नल पत्त्यावर कोसळते म्हणून ओळखायला सोपी, तिच्यावर जास्त वेळ घालवायला नको.

तसाच दिसणारा, पण वेगळा: स्टॅक

आदळलेला पत्ता स्टॅक पॉइंटरजवळ असेल आणि बॅकट्रेस हजारो फ्रेमांचा असेल तर हीपचा संबंध नाही, सीचा स्टॅक संपला. लिनक्सवर तो सहसा ८ एमबी असतो. पीएचपीतलं साधं रिकर्शन हीपवर चालतं, म्हणून ते मेमरी-लिमिटला अडतं. पण मधे टू-स्ट्रिंग, गेट, अ‍ॅरे-मॅपचा कॉलबॅक असं काही आलं की सीचा स्टॅक खर्च होतो. ८.३ पासून झेंड-मॅक्स-अलाउड-स्टॅक-साइझ या सेटिंगमुळे अशा रिकर्शनवर सेगफॉल्टऐवजी एरर मिळतो. एकमेकांना जोडलेल्या लाखो ऑब्जेक्टांची साखळी एकदम सोडली तरी हेच होतं: पहिलं सुटताना दुसरं, दुसरं सुटताना तिसरं, प्रत्येकाला नवी फ्रेम. स्क्रिप्ट नेमकी मेमरी मोकळी करताना कोसळते, म्हणून ‘मेमरीचा बग’ समजला जातो. बॅकट्रेसच्या तळाकडच्या वीस फ्रेमा बीटी -२० ने बघा. कुठल्या व्हेरिएबलपासून सुरुवात झाली ते तिथे असतं. साखळी लूपने एकेक कडी तोडून सोडली की प्रश्न मिटतो.

शटडाउन फंक्शनाबद्दल

मेमरी संपल्यावर लॉग लिहिण्यासाठी शटडाउन फंक्शन लावलं असेल तर ते जवळजवळ भरलेल्या हीपवर सुरू होतं, कारण मर्यादा परत लागू झालेली असते आणि सोडून दिलेल्या फ्रेमांची मेमरी अजून सुटलेली नसते. लॉगरने पन्नास वर्ग चढवायचे ठरवले की दुसरा फेटल एरर, आणि पहिल्याची नोंदच नाही. सुरुवातीला ३२ केबीची एक स्ट्रिंग राखून ठेवा आणि शटडाउन फंक्शनच्या पहिल्या ओळीत ती नल करा, मग एरर-गेट-लास्ट वाचा. तिथे एक्स्टेंशनच्या अर्धवट ऑब्जेक्टला हात लावू नका.

दुरुस्तीनंतर

भरावाचा तोच लूप पूर्ण ५१२ धावांसाठी पुन्हा चालवा. ० किंवा २५५ शिवाय काहीही आलं तर काम बाकी आहे. एक्झिट कोडवर एकट्यावर विसंबू नका: जुन्या आवृत्त्या ‘झेंड-एमएम-हीप करप्टेड’ छापून साध्या १ ने बाहेर पडतात, म्हणून ते शब्द एरर आउटपुटमध्येही शोधा. एफपीएममध्ये दोन विनंत्या लागोपाठ पाठवून बघा, पहिली मेमरी संपवणारी, दुसरी साधी, आणि वर्कर एकच ठेवा, म्हणजे दुसरी त्याच प्रोसेसकडे जाईल.

क्रॅश देणारी भरावाची लांबी पीएचपीटी (पीएचपीच्या चाचण्यांचा फाइल-प्रकार) चाचणीत घालून एक्स्टेंशनच्या सोर्समध्ये ठेवा. आयएनआय विभागात मेमरी-लिमिट द्या आणि अपेक्षित आउटपुटमध्ये आकड्यांच्या जागी %डी लिहा, कारण आवृत्ती बदलली की बाइट बदलतात. स्किपइफ विभागात यूज_झेंड_अलॉक शून्य असेल तर चाचणी वगळा. नाहीतर व्हॅलग्राइंडखाली चालणाऱ्या बिल्डमध्ये मर्यादा लागणारच नाही आणि ती विनाकारण नापास होईल.